ऑक्टाव्हिया आरएसचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: तड्यामागचं कारण आणि त्यावरचं काम (प्रकल्प नोंदी)

१४ जानेवारी २०२४, पुणे

गाडी २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, पेट्रोल, के०३ जातीचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), १५० हॉर्सपॉवर. रोजच्या वापरातली गाडी आहे, रेसची नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरमधला तापलेला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा ओतीव भाग.

थंडीत सकाळी इंजिन चालू केलं की बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूने बारीक टकटक येते. पाच-सात मिनिटांत इंजिन तापलं की बंद होते. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज आणि हा आवाज यांत लोकांची हमखास गल्लत होते. ओळखायची खूण अशी: टॅपेटचा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, पण लोडने फारसा बदलत नाही. एक्झॉस्टची गळती मात्र लोड दिला की लगेच मोठी होते. आणि गळतीचा आवाज इंजिन तापल्यावर थांबला तर तड्याचा संशय घ्यायचा. धातू फुगतो, फट मिटते.

खात्री करायला व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या बाजूला लावून सायलेन्सरमधून हवा सोडली आणि साबणाचं पाणी फवारलं. या गाडीत इंजिन आडवं आणि एक्झॉस्ट मागच्या अंगाला, त्यामुळे वरून काही दिसत नाही. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघितलं. दोन आणि तीन नंबरच्या पोर्टच्या मधे फेस येतोय आणि तिथेच काजळीचा काळा ओघळ आहे. मॅनिफोल्ड उतरवावाच लागणार.

२१ जानेवारी

उतरवला. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. मधले नट सुटले, दोन्ही टोकांचे अडले. एक स्टड (मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरांवरच्या ठोकळ्यातच, तुटला. तो काढायचं काम निवांत करावं लागेल, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये घाई चालत नाही.

तीन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या.

पहिली, टोकाचे स्टड सरळ नाहीत. दोन्ही बाजूंचे स्टड मध्याकडे वाकलेत. गंजाने हे होत नाही, मॅनिफोल्डने त्यांना आत ओढलंय.

दुसरी, फ्लँजच्या (हेडला टेकणाऱ्या सपाट भागाच्या) तोंडावर सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला तर टोकाशी ०.६ मिमीची पाती आरामात आत जाते. म्हणजे मॅनिफोल्ड केळ्यासारखा वळलाय.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: टर्बोच्या खालून इंजिन ब्लॉकला जाणारा आधाराचा ब्रॅकेट गायब आहे. ब्लॉकवर त्याची आटे पाडलेली भोकं आहेत, त्यांत मळ भरलाय. आधी कधीतरी कुठल्याशा गॅरेजमध्ये टर्बो उतरवला गेला आणि तो बसवताना ब्रॅकेट बाजूला राहिला. अशा जागी हात जात नाही, म्हणून तो सोडून देण्याचा मोह मेकॅनिकला होतो. पण तेव्हापासून टर्बोचं सगळं वजन आणि मागच्या पाइपचे धक्के एकट्या मॅनिफोल्डने सोसलेत, तेही लालभडक तापलेल्या अवस्थेत.

२४ जानेवारी, भोसरी

फॅब्रिकेशनवाल्या मामांच्या शेडमध्ये डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट केली, म्हणजे रंग वापरून बारीक तडे शोधले. भाग डिझेलने आणि ब्रशने धुतला, क्लीनरने कोरडा केला, लाल रंग फवारला, दहा-पंधरा मिनिटं थांबलो, फडक्याने पुसून घेतला आणि वरून पांढरी पावडर मारली. तड्यात शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटू लागला.

मला एका तड्याची अपेक्षा होती, दिसले तीन. मोठा दोन-तीनच्या मधल्या खोबणीत. दुसरा टर्बोच्या त्रिकोणी फ्लँजच्या मुळाशी, खालच्या बाजूने, म्हणजे नेमका जिथे लटकत्या वजनाचा ताण येतो तिथे. तिसरा केसासारखा, चौथ्या पोर्टच्या गळ्याशी. मामांनी तिन्ही ठिकाणी खडूने गोल केले आणि म्हणाले, "वेल्डिंग करून देतो, पण सांगून करतो. वेल्डिंगच्या शेजारून परत फुटणार."

त्यांचं बरोबर आहे. मॅनिफोल्ड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. बिडात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. वेल्डिंगच्या कडेला धातू वितळतो आणि झटकन थंड होतो, तिथे पांढरं, काचेसारखं कडक बीड तयार होतं. निकेलची कांडी वापरली, तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची भोकं पाडली, आधी भट्टीत तापवून नंतर चुन्यात पुरून सावकाश निववलं, तर ट्रॅक्टरच्या हेडसाठी वगैरे हे छान टिकतं. टर्बोच्या मॅनिफोल्डला मात्र रोज थंडगार ते ८०० अंश आणि परत, असा प्रवास असतो. तिथे ती कडक कड पहिल्यांदा जाते.

२८ जानेवारी

आज कागद घेऊन बसलो. "उष्णतेने फुटला" असं सगळे म्हणतात, पण नुसत्या उष्णतेने काहीच फुटत नाही. भट्टीत मोकळा ठेवलेला मॅनिफोल्ड सावकाश तापवून निववला तर तो सहसा फुटत नाही. फुटतो तो अडवल्यामुळे.

हिशोब असा. या इंजिनात दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर ८८ मिमी. म्हणजे पहिल्या पोर्टपासून चौथ्यापर्यंत २६४ मिमी. बिडाचं प्रसरण या तापमानात साधारण १३ मायक्रोमीटर प्रति मीटर प्रति अंश. मॅनिफोल्ड ३० अंशांवरून ७३० वर गेला तर २६४ × ७०० × ०.००००१३ म्हणजे जवळपास २.४ मिमी लांब व्हायला बघतो. ॲल्युमिनियमचं प्रसरण जवळजवळ दुप्पट, पण हेडला पाणी आहे, ते १०० अंशांच्या आसपास राहतं. त्यामुळे हेड वाढतं जेमतेम ०.४ मिमी. उरले २ मिमी. ते २ मिमी कुठे जायचे?

स्टडच्या भोकात जागा असेल तर फ्लँज सरकतो आणि प्रश्न मिटतो. जागा नसेल तर धातू स्वतःतच चेपला जातो. तापलेलं बीड मऊ असतं, ते दाबाखाली कायमचं आखडतं. मग गाडी बंद होते, मॅनिफोल्ड निवतो आणि आता त्याची लांबी मूळच्यापेक्षा कमी असते. टोकं स्टडने धरलेली, मधला भाग ओढला जातो. तडा पडतो तो इथे, निवताना. म्हणूनच टोकाचे स्टड मध्याकडे वाकले होते.

हातात तार घेऊन मागेपुढे वाकवत राहिलं की काही वेळाने तुटते, तोच हा प्रकार, फक्त एका दिवसाला एक-दोन वाकवण्या. अशा थोड्या फेऱ्यांत येणाऱ्या थकव्याचा नियम १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉफिन आणि मॅन्सन यांनी स्वतंत्रपणे मांडला. त्याचा उपयोगाचा भाग एवढा: दर फेरीला होणारी कायमची ताणाताण निम्मी केली तर आयुष्य दुप्पट होत नाही, साधारण तिप्पट-चौपट होतं. माझा सगळा भर त्यामुळे एकाच गोष्टीवर राहणार आहे. मॅनिफोल्ड जाड आणि मजबूत करण्यापेक्षा त्याला हलायला जागा द्यायची.

उलट जाडी वाढवली की एक वेगळीच अडचण होते. पातळ नळी काही सेकंदांत तापते, जाड फ्लँज मागे राहतो. दोघांच्या तापमानात जितका फरक, तितका सांध्यावर ताण.

१० फेब्रुवारी, कोल्हापूर

शिरोलीला एका ओळखीच्या फाउंड्रीत गेलो. फुटका मॅनिफोल्ड सोबत. गुऱ्हाळांच्या आणि ऑइल इंजिनांच्या काळापासून या गावाने ओतकाम हाताशी धरलंय, आज देशभरातल्या वाहन कारखान्यांचं बीड इथून जातं. मला एकच प्रश्न विचारायचा होता: हे नेमकं कुठलं बीड आहे?

लॅबमधल्या दादांनी तड्याजवळचा एक तुकडा कापला, बेकलाइटमध्ये बसवला, एकामागोमाग एक बारीक कागदांवर घासून आरसा केला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. आधी मला बघू दिलं. पांढऱ्या पटलावर ग्रॅफाइटच्या (कार्बनच्या) काळ्या, वेड्यावाकड्या, टोकदार पाकळ्या. मग त्यांनी शेजारी त्यांच्या रोजच्या एसजी (गोल ग्रॅफाइटच्या) बिडाचा नमुना ठेवला. त्यात काळे गोल ठिपके, एकमेकांपासून सुटे.

म्हणजे माझ्या गाडीवरचा मॅनिफोल्ड साध्या राखाडी बिडाचा निघाला. मूळचा नव्हेच, कधीतरी बदललेला स्वस्तातला जोडभाग. पाकळीचं प्रत्येक टोक ही आधीच तयार असलेली चीर असते. शिवाय पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या, त्यांच्या वाटेने ऑक्सिजन आत शिरतो आणि धातू आतून गंजतो. दादांनी तड्याच्या दोन्ही कडांना करडी ऑक्साइडची पट्टी दाखवली, पाकळ्यांच्या रेषेनेच आत गेलेली. गोल गुठळ्यांच्या बिडाला ही वाट मिळत नाही. त्या गुठळ्या करण्याची युक्ती, वितळलेल्या बिडात थोडंसं मॅग्नेशियम घालण्याची, कीथ मिलिस यांनी १९४३ मध्ये शोधली. आजचे बहुतेक कास्ट मॅनिफोल्ड त्यावरच उभे आहेत.

टर्बोच्या कामाला साधं एसजीसुद्धा कमी पडतं. त्यासाठी सिलिकॉन ४ टक्क्यांवर नेतात आणि अर्धा ते एक टक्का मॉलिब्डेनम घालतात. फाउंड्रीत याला सिमो म्हणतात. साधं बीड सव्वासातशे-साडेसातशे अंशांच्या पलीकडे गेलं की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि आकारमान उड्या मारतं. सिलिकॉनमुळे ही सीमा ८५० च्या आसपास सरकते. मॉलिब्डेनम तापलेल्या धातूला ताकद देतं. त्याच्या वरची पायरी म्हणजे ३५ टक्के निकेल असलेलं निरेझिस्ट डी-५एस, त्यात ही उडीच नाही. त्याहून वर २५ टक्के क्रोमियमचं ओतीव स्टेनलेस, जे १००० अंशांपर्यंतच्या पेट्रोल टर्बोंना वापरतात. पण महाग, आणि ओतायलाही अवघड.

"तुमच्या गाडीला सिमो पुरे," दादा म्हणाले, "पण त्याला जखडू नका." मी जे हिशोबाने काढलं होतं ते त्यांनी रोजच्या अनुभवातून एका वाक्यात सांगितलं. जेवायला घरी घेऊन गेले, तांबडा-पांढरा झाल्याशिवाय सोडलं नाही.

२५ फेब्रुवारी

निर्णय: कंपनीच्या मूळ क्रमांकाचा नवा कास्ट मॅनिफोल्ड. मागवला.

नळ्यांचा मॅनिफोल्ड करायचा विचार केला होता. दिसायला सुंदर, प्रत्येक सिलिंडरची वाट समान, टर्बो लवकर फुंकतो. पण १५० हॉर्सपॉवरच्या रस्त्यावरच्या गाडीला त्यातून फारसं काही मिळत नाही आणि जोखीम मात्र सगळी येते. ओतीव मॅनिफोल्ड आखूड, जड आणि गुमान काम करणारा आहे. रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीला तोच शोभतो.

१० मार्च, भोसरी

मामांकडे एका मुलाची होंडा सिटी आली होती, तिचा नळ्यांचा मॅनिफोल्ड तिसऱ्यांदा फुटलाय. त्याने तो टेबलावर ठेवला तेव्हा मी तिथेच होतो, म्हणून सविस्तर लिहितो. नळीचे मॅनिफोल्ड फुटायची जवळजवळ सगळी कारणं त्या एका वस्तूत होती.

३०४ स्टेनलेसची दीड मिमी जाडीची, सायलेन्सरला वापरतात ती नळी. तडा अगदी वेल्डिंगच्या कडेला, गोलाकार. तुकडा कापून आत बघितलं तर मुळाशी काळं, दाणेदार, फुगलेलं स्टेनलेस. वेल्डिंग करताना आतून आर्गन (तापलेल्या धातूला हवेपासून वाचवणारा वायू) सोडलाच नव्हता. बाहेरून सोनेरी-निळी छान लाट दिसते, पण आतून धातू हवेत जळालेला असतो आणि तडा नेहमी तिथूनच निघतो. वरून नळ्यांना काचेच्या धाग्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली. तिने बॉनेटखाली गारवा येतो हे खरं, पण धातूची उष्णता कोंडून तो आणखी तापतो आणि पावसात तीच पट्टी ओलावा धरून ठेवते. आणि टर्बोला खालून आधार शून्य.

३०४ चा आणखी एक स्वभाव आहे. ४५० ते ८५० अंशांत तो फार वेळ राहिला की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. सीमा दुबळ्या होतात. टर्बोचा मॅनिफोल्ड नेमका याच पट्ट्यात जगतो. ३२१ मध्ये टायटॅनियम असतं, ते कार्बनला आधीच बांधून ठेवतं. आणि सगळ्याच ३०० मालिकेच्या स्टेनलेसचं प्रसरण १८ च्या आसपास, म्हणजे बिडापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त. स्टेनलेस मजबूत असतं असं म्हणून लोक घेतात, पण फुगण्याच्या बाबतीत ते बिडापेक्षा जास्त त्रास देतं.

मामा आणि त्या मुलाचं बोलणं बराच वेळ चाललं. ठरलं ते असं: सव्वा इंची, शेड्यूल १० (पाइपच्या जाडीचं माप) चे ३२१ चे तयार बेंड, बाहेरून ४२.२ आणि जाडी २.७७ मिमी. फ्लँज १२ मिमी, पण अखंड नाही, पोर्टांच्या मधे करवतीने चिरलेला, म्हणजे प्रत्येक तुकडा आपापला सरकेल. भरणकांडी ३४७, कारण ३२१ च्या कांडीतलं टायटॅनियम आर्कमध्येच जळून जातं. आतून आर्गन, पूर्ण मुळापर्यंत. पट्टीऐवजी हवेची फट ठेवून पत्र्याची ढाल. आणि टर्बोला आधार. आधार नसेल तर काम हातात घेणार नाही, असं मामांनी त्याला स्पष्ट सांगितलं. मला ते फार आवडलं.

३१ मार्च

नवा मॅनिफोल्ड आला. जुना त्यावर ठेवून बघितला: एका टोकाचं भोक जुळवलं तर दुसऱ्या टोकाचं जवळजवळ दीड मिलिमीटर आत. हिशोबातलं आखडणं डोळ्यांनी दिसलं.

काम केलं ते थोडंच. मधल्या जोडीची भोकं आहेत तशी ठेवली, मॅनिफोल्डची जागा त्यांनीच ठरते. टोकाच्या स्टडचं मध्यापासून अंतर सुमारे १५० मिमी, तिथे एका बाजूला १.१ मिमीच्या आसपास सरकायला हवं. स्टड ८ मिमीचे. टोकाची भोकं १०.५ केली, म्हणजे चारी बाजूंनी सव्वा मिमी. त्यांच्या आतली ९.५. वर जाड, कडक वॉशर. फ्लँजचं तोंड सरफेस ग्राइंडरवर जेमतेम साफ करून घेतलं. आतल्या ओतीव खुणा, विशेषतः पोर्टांच्या मधल्या खोबणीतली धारदार कड, हाताच्या ग्राइंडरने गोल केली. कोपरा जितका धारदार तितका ताण तिथे गोळा होतो.

तुटलेला स्टड निघाला. उरलेल्या भागावर नट ठेवून आतून आर्गनने वेल्ड केलं, ती उष्णता आणि पाना दोन्हींनी सुटला.

७ एप्रिल

बसवला. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून लिहून ठेवतो.

सगळे स्टड नवे, नट तांब्याचा मुलामा दिलेले, सेल्फ-लॉकिंग. पॅकिंग अनेक थरांचं स्टीलचं, मूळ कंपनीचं. त्यावर सिलिकॉन किंवा पेस्ट काही लावलं नाही, फ्लँजला त्यावरून सरकायचंय. नट मधून सुरू करून टोकांकडे, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आणि तिथेच थांबायचं. "थोडं अजून" म्हणून आवळलं की टोकं जखडली जातात आणि मोठी केलेली भोकं फुकट जातात.

मग टर्बो. मग डाउनपाइप (टर्बोमागचा पाइप), त्याचे हँगर सैल. आणि सगळ्यात शेवटी खालचा ब्रॅकेट. तो हाताने जागेवर बसला पाहिजे, बोल्ट घालायला टर्बो वर उचलावा किंवा ढकलावा लागला तर ब्रॅकेट आधार न राहता पहार होतो. जुन्या गाड्यांच्या भागांतून मूळ ब्रॅकेट मिळाला, एका भोकाला अर्धा मिमी कानस मारावी लागली. हा ब्रॅकेट पातळ उभ्या पट्टीचा का असतो हे बसवताना कळतं: वजन उभ्याने पेलतो आणि टर्बो बाजूला सरकला तर वाकून वाट देतो.

डाउनपाइपची लवचीक जाळी दाबून बघितली, कडक झाली होती. बदलली. इंजिनाखालचा डॉगबोन माउंटही (इंजिनाचं झुलणं रोखणारा रबरी आधार) बदलला. आडवं बसवलेलं इंजिन गिअर टाकताना मागेपुढे झुलतं. ते झुलणं जाळीने खायचं असतं, नाहीतर मागचा अख्खा पाइप टर्बोच्या फ्लँजवर पहारीसारखा काम करतो.

२१ एप्रिल

तापमानाचा काटा बसवला. के जातीचा थर्मोकपल. तो मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या आधी बसवणं सगळ्यात अचूक, पण त्यासाठी नव्या बिडाला भोक पाडून आटे करायचे, म्हणजे तड्याला नवी जागा. डाउनपाइपमध्ये टर्बाइनच्या लगेच मागे बसवला. भरपूर लोडवर तिथे मॅनिफोल्डपेक्षा शंभर-एक अंश कमी दिसतात, ते धरून चालायचं.

आधी इन्फ्रारेडच्या पिस्तुलाने मोजायचा प्रयत्न केला. गंजलेल्या बिडावर ते ठीक सांगतं, पण चकचकीत स्टेनलेसवर दोनशे-तीनशे अंश कमी दाखवतं, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतः कमी किरण सोडतो. त्यावर भरवसा ठेवू नये.

खंबाटकी घाट, तिसरा गिअर, एसी चालू, चौघं गाडीत: ७८० पर्यंत. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये ८८० च्या घरात. सिमोच्या मानाने हे कडेवरचं आहे. इतकं यायला नको.

५ मे

कारण सापडलं, आणि ते मॅनिफोल्डच्या बाहेरचं निघालं.

लॅपटॉप लावून इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला ०२० क्रमांकाचा नोंदींचा गट वाचला, त्यात प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन किती मागे खेचलंय ते दिसतं. साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर घाटात सहा-सात अंश (क्रँकच्या फिरण्याचे, तापमानाचे नव्हे) मागे. इंजिन नॉकिंगपासून (पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या धक्क्यांपासून) स्वतःला वाचवतंय. पण ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा संपतं, पिस्टनला ढकलायचं काम कमी होतं आणि उरलेली उष्णता थेट एक्झॉस्टमध्ये जाते.

टाकी रिकामी करून ९५ ऑक्टेन भरलं. तोच घाट, तोच गिअर. इग्निशन फक्त एक-दोन अंश मागे, काटा ७३० ते ७४० वर. एका पेट्रोलच्या बदलाने चाळीसेक अंश उतरले. मॅनिफोल्ड वाचवायला लोक हजारोंचे लेप लावतात, इथे लिटरमागे काही रुपयांत तेवढाच फायदा झाला. ज्या गाडीचं ट्यूनिंग बदललंय तिच्या मालकाने तर हे आकडे बघितल्याशिवाय गाडी पळवूच नये.

जुना इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा) फेंडरच्या आत मातीने भरला होता, तोही धुतला.

२३ जून

पाऊस सुरू झाला. खालचा तळपत्रा बसवला. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांचा तळपत्रा स्पीडब्रेकरने किंवा गॅरेजमध्ये केव्हाच गेलेला असतो आणि तो फक्त इंजिन स्वच्छ ठेवायला असतो असा समज आहे. ताम्हिणीतून उतरताना डबक्यात चाक गेलं की पाण्याचा फवारा खालून थेट टर्बोवर येतो. ७०० अंशांच्या धातूचा एक भाग क्षणात निवला आणि बाकीचा तसाच राहिला तर तो भाग आखडायला बघतो, शेजारी आखडू देत नाहीत. २८ जानेवारीच्या हिशोबातली ओढाताण, फक्त सेकंदात झालेली.

मॅनिफोल्डवरची पत्र्याची ढालही परत लावली, धातूपासून बोटभर अंतर ठेवून. ढालीचे बोल्ट कुजले की लोक ती काढून टाकतात. तिचं काम उष्णता आणि पाणी दोन्ही अडवण्याचं आहे.

चालवण्याबद्दल: थंड इंजिनावर पहिली पाच-दहा मिनिटं बूस्ट द्यायचा नाही, म्हणजे टर्बोला जोर लावायला लावायचं नाही. टर्बोच्या तेलासाठी हे सगळे सांगतात, मॅनिफोल्डसाठीही तितकंच खरं आहे. थंड मॅनिफोल्डला एकदम पूर्ण लोड दिला की नळी आणि फ्लँज यांच्यातला फरक सर्वांत मोठा होतो. आणि घाट चढून वर आल्याबरोबर टपरीवर गाडी बंद करायची नाही, शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायाने यायचं. काटा ५०० च्या खाली आला की निवणं सगळीकडे एकसारखं होतं.

१८ ऑगस्ट

ढाल काढून नट तपासले. टोकाचा एक किंचित सैल, बाकी ठीक. नव्या पॅकिंगवर सुरुवातीला थोडं बसणं होतंच. थंड इंजिनावर परत टॉर्क दिला. वॉशरखाली फ्लँजवर चकचकीत चंद्रकोर घासलेली दिसते, दोन्ही टोकांना, मधल्या स्टडवर नाही. फ्लँज सरकतोय. मोबाइलवर जवळून फोटो काढला आणि मामांना पाठवला. त्यांनी तो होंडावाल्याला पाठवला.

१३ ऑक्टोबर, भोसरी

काल दसरा. शेडमध्ये अजून हत्यारांवर हळद-कुंकू आणि झेंडू आहे. टॉर्क रेंचलाही हार.

सुट्टी असूनही मामांनी जागेवरच डीपी टेस्ट करून दिली. मॅनिफोल्ड न उतरवता, खोबणी आणि टर्बोचा फ्लँज एवढंच हाताला येतं. दोन्ही ठिकाणी पांढरं पटल स्वच्छ. ब्रॅकेटचे बोल्ट घट्ट. फीलर गेज फ्लँजच्या टोकाशी कुठेच जात नाही.

होंडाचा ३२१ चा मॅनिफोल्डही आज लिफ्टवर होता. नळ्या आणि वेल्डिंग ठणठणीत, पण टर्बोच्या आधाराची पट्टी त्या मुलाने जाड ८ मिमीची करून घेतली होती आणि ती ब्लॉकच्या बाजूने बोल्टपाशी घासून चमकतेय. टर्बो सरकायला बघतोय आणि पट्टी वाकत नाही. मामांनी ती काढून ३ मिमीच्या पट्टीची उभी नवी कापायला घेतली आहे. वरचं भोक या वेळी लांबट ठेवणार. इंजिन थंड झालं की बसवू.